विहिरीचं पाणी घेऊन नवी मुंबईला

आमच्या भागातली माणसं नवी मुंबईला जातात ती नोकरीला, दवाखान्याला, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला. मी आणि माझी थोरली जाऊ गेलो ते विहिरीचं पाणी घेऊन. शरबताच्या तीन काचेच्या बाटल्या, काठोकाठ भरलेल्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या, आणि त्या पिशवीला जाऊबाईंनी रात्रभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. प्रवासाचं एवढंच सांगण्यासारखं. बाकी प्रवास सगळ्यांचा असतो तसाच झाला.

कशासाठी गेलो ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचं सासर कोळशाच्या पट्ट्यातलं. कोळसा खोल आहे, तो काढणं कंपन्यांना परवडत नाही, म्हणून अलीकडे त्यातला नुसता वायू काढतात. वायू सुटायचा तर आधी कोळशाच्या थरातलं पाणी उपसून टाकावं लागतं. मग दाबाने पाणी आणि वाळू आत घालून दगडाला भेगा पाडतात. ऐकायला सगळं फार स्वच्छ वाटतं. धूर नाही, खड्डा नाही, ट्रक नाहीत. गावाबाहेर लोखंडी कुंपणात एक पाइप जमिनीतून वर आलेला दिसतो, त्याच्याशेजारी खारट पाण्याचं एक तळं, आणि ते पाणी पावसाळ्यात गुपचूप नाल्याला जाऊन मिळतं. जाऊबाईंच्या विहिरीत त्या वर्षीपासून बुडबुडे यायला लागले. पाण्याची पातळी खाली गेली, राहिलं त्याला पांढुरकी झाक आली, आणि म्हैस हौदात तोंड घालून परत काढायला लागली.

विहीर अर्धी आमच्या भासऱ्यांची, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांची, अर्धी त्यांच्या चुलतभावाची. चुलतभावाने त्याची बाजू कंपनीला रस्त्यासाठी दिली, आणि विहीर नेमकी रस्त्यात आली. कंपनी ती बुजवणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच होता, की बुजवण्याआधी कंपनीमुळे पाणी नासलं हे मान्य होतं की नाही. झालं तर घराला आणि शेताला कायमचं पाणी आणून देणं कंपनीला भाग होतं. नाही झालं तर मेहेरबानी म्हणून वर्षभर टँकर. कंपनीचं मोठं ऑफिस बेलापूरला, सुनावणी तिथेच. आणि दोन्ही बाजूंना चालेल अशी पाणी तपासायची प्रयोगशाळाही नवी मुंबईतलीच ठरली होती. माझी मुलगी मंजू तिकडेच राहते, म्हणून जाऊबाईंबरोबर मी निघाले. मी निवृत्त शिक्षिका. चार शब्द बोलता येतात, आणि राग आवरत नाही, असा माझा लौकिक आहे.

सानपाडा

मंजूचं घर सानपाड्याला एका सोसायटीत बाराव्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले आणि दार उघडल्यावर विचारलं, "आलं का?" मंजूने पाया पडून त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी पिशवी छातीशी धरली. "राहू दे, माये. ते मी ठेवतो बरोबर." मंजूला त्या पोटच्या पोरीसारखं वागवतात, मंजूही त्यांना मोठी आई म्हणते, पण बाटल्या काही त्यांनी तिच्या हाती दिल्या नाहीत. देव्हारा कुठे आहे ते विचारलं आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवल्या.

खिडकीतून एका बाजूला डोंगर दिसतो. डोंगर म्हणायचा एवढंच, कारण त्याची एक अख्खी कूस खडी काढून उघडी केलेली आहे. दुसऱ्या बाजूला इमारती, आणि त्यांच्या फटीतून खाडीचं राखाडी पाणी. जाऊबाई बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. मला वाटलं, समुद्र बघतायत. त्या म्हणाल्या, "एवढ्या उंच पानी चढते कसं?" मंजूने पंप, टाक्या, धरण सगळं समजावलं. दिवसरात्र नळाला पाणी असतं हे त्यांना पटेना. त्यांनी नळ उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला.

मग त्यांनी चहा टाकायला घेतला. शेगडीला सिलिंडर नाही हे पाहून त्या ओट्याखाली वाकल्या. मंजू म्हणाली, "मोठी आई, इथे गॅस पाइपने येतो. मीटर आहे बाहेर."

"पाइपानं? कुठून?"

"जमिनीतूनच येतो कुठूनतरी."

जाऊबाईंनी निळ्या जाळाकडे पाहिलं. "आमचाच असन का?"

मंजूने माझ्याकडे पाहिलं. खरंच मला माहीत नव्हतं आणि आजही नाही. तो वायू समुद्रातून येत असेल, परदेशातून जहाजाने येत असेल. ज्या घरात तो जळतो तिथे कुणालाच ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही पडत नाही. जाऊबाईंनी आधण ठेवलं, साखर टाकली आणि म्हणाल्या, "असन तं असन. चहा तं उकळन."

पाण्याच्या बाबतीत मात्र त्या कुणाचं ऐकणाऱ्या नाहीत. मंजूकडे पाणी शुद्ध करायचं मशीन आहे, दिवे लागतात त्याला. त्या मशीनमधून आलेलं पाणीही जाऊबाईंनी पदराच्या तीन घड्या करून गाळलं, मग मला दिलं. मंजू हसून म्हणाली, "अगं मोठी आई, हे मशीन त्याच्यासाठीच आहे." जाऊबाई म्हणाल्या, "मशीनले काय समजते, पेनारा कोन हाय ते." आम्ही दोघीही हसलो.

प्रयोगशाळा

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने औद्योगिक पट्ट्यात गेलो. तिथला वास कसा सांगू? औषधाच्या दुकानात लोखंड तापवलं तर येईल तसा काहीतरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मध्येच एक देऊळ, मध्येच वडापावची गाडी, आणि गटारात निळसर पाणी. जाऊबाईंनी त्या गटाराकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर आणखी जवळ ओढली.

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे नमुने घ्यायला बसलेली मुलगी तिशीची असेल, नसरीन तिचं नाव. उरणकडची. डोक्यावर ओढणी, हातात रबरी मोजे, आणि बोलणं अगदी आपल्या पोरीसारखं. "बसा ना आंटी, गरम होतंय का? टेन्शन नका घेऊ, पाच मिनिटांत होतं," असं म्हणून तिने पंखा आमच्याकडे वळवला. आमचं प्रकरण तिला माहीत होतं. मंजूने फोन केला तेव्हा काचेची बाटली घ्या, स्वच्छ धुवा, काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, हे तिनेच सांगितलं होतं. ते सगळं जाऊबाईंनी तंतोतंत केलं होतं.

त्यांनी चिंध्या एकेक करून सोडल्या आणि तीन बाटल्या टेबलावर ओळीने ठेवल्या. नसरीनने एक बाटली उचलून उजेडात धरली. फिरवली. पुन्हा धरली.

"आंटी, हे डायरेक्ट विहिरीतून भरलंय ना?"

"हो ना, माये. म्याच भरलं."

"एकदम क्लिअर आहे."

जाऊबाईंचा चेहरा उजळला. "मंग? सांजेलेच काढून ठेवलं होतं. तिपदरी फडक्यानं गाळलं. तुरटी फिरवली. रातभर तांब्याच्या गुंडीत ठेवलं अन् सकाळी वरचं वरचं अलगद भरलं. तळचं नाई घेतलं. तुमच्या हाती द्याचं होतं नं."

नसरीनने पेन खाली ठेवलं. मला काय झालं ते क्षणभर कळलं नाही, तिच्या तोंडाकडे पाहून कळलं.

ती बिचारी कुठून सुरुवात करावी म्हणून चाचरत होती. शेवटी म्हणाली, "आंटी, याचा रिपोर्ट चांगला येईल."

"पास होईन?"

"हो. पास होईल. तेच प्रॉब्लेम आहे."

मग तिने सांगितलं. पाण्यात विरघळलेला वायू मोजायचा होता. तो गाळताना निम्मा गेला, रात्रभर उघड्या भांड्यात राहून उरलेला गेला. जो पांढरा साका मोजायचा होता तो तुरटीने तळाला बसवला आणि तळ तर आणलाच नाही. "आमची चूक आहे खरं तर," नसरीन म्हणाली. "गाळू नका, असं आम्ही कुणाला सांगतच नाही. कारण लोक गाळतील असं डोक्यातच येत नाही."

माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. गाळल्याशिवाय पाणी दुसऱ्याला द्यायचं नाही, हे आमच्या सासूबाईंनी दोघी सुनांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी शहरगावात राहून ते केव्हाच सोडलं. जाऊबाईंनी सोडलं नाही. विहीर नासल्यावर तर त्या आणखी काटेकोर झाल्या. घाण पाणी परक्याच्या हातात देणं म्हणजे आपली अब्रू देणं, असं त्यांना वाटतं आणि ते चूक आहे असं मी तरी कसं म्हणू?

जाऊबाई बाटल्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तसंच घान पानी द्याचं होतं लोकाच्या हाती?"

"हो आंटी."

"सांगाचं नं मंग."

नसरीनने दाराकडे पाहिलं आणि आवाज कमी केला. तिने अजून संगणकात नोंद केली नव्हती. नोंद केली की अहवाल आपोआप दोन्हीकडे जाणार, कंपनीकडेही. आणि त्यात पाणी पिण्यायोग्य असं लिहिलेलं असणार. "तुम्ही बाटल्या परत घेऊन जा. ताजं पाणी मागवा, परवाच्या आत आलं तर मी सुट्टी टाकून बसेन, पण करून देईन. फक्त गाळू नका." हे बोलताना तिचे डोळे भरले. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, पण पास होण्याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

जिन्यातूनच मी भासऱ्यांना फोन लावला. त्यांना दोनदा समजावून सांगितलं. बाटली विहिरीतच बुडवून भरा, तिथेच झाकण लावा, घरी आणून काहीही करू नका. मंजूच्या ओळखीचा एक मुलगा रात्री तिकडून गाडीने निघणार होता, त्याच्याकडे द्यायची. भासरे म्हणाले, "बरं. म्हैस बांधून जातो." बाटल्या पुन्हा चिंध्यांत बांधल्या आणि घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या.

करावे

त्या दुपारचं जेवण आधीच ठरलेलं होतं, आणि चिंबोऱ्या म्हणजे खेकडे असणार हे जाऊबाईंनी भासऱ्यांना फोनवर सांगूनही झालं होतं. मंजूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आई, हिराकाकू, करावे गावात राहतात. गाव म्हणजे तीन-चार मजली घरांची दाटी, अरुंद गल्ल्या, आणि सगळ्या बाजूंनी काचेच्या इमारती वेढून उभ्या. पण गल्लीत शिरल्यावर ओट्यावर बसलेल्या बाया, वाळत टाकलेली सुकट आणि मोठ्याने बोलणं. गाव अजून आत शिल्लक आहे.

हिराकाकूंनी दारातच जाऊबाईंचा हात धरला. "यवा यवा, बसा. किती लांबशी आलाव." ताटात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, चिंबोऱ्यांचा लालभडक रस्सा, आणि माझ्यासाठी भीत भीत केलेली वालाची आमटी. आमच्याकडे ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, त्यामुळे चिंबोरी फोडायची कशी तेच मला कळेना. हिराकाकूंनी आपल्या हाताने नांगी फोडून मला दिली. जाऊबाई एरवी अशा ठिकाणी हजार प्रश्न विचारतात. त्या दिवशी त्या भाकरीचे तुकडे करत बसल्या होत्या आणि घडीघडी फोनकडे बघत होत्या.

काय झालंय ते मीच सांगितलं. हिराकाकूंनी ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत, की हळहळल्याही नाहीत.

"आमची शेती व्हती या बाजूला," त्या म्हणाल्या. "पयलं या शहरासाठी मोजनीवालं आलं, तवा मी नवी नवरी. माझे सासूनी त्यांना जेवान घातला. चिंबोऱ्याच रांदल्या व्हत्या. उन्हात आलेली मानसा, बोलली, उपाशी कशी जातील. जेवली आनी आमचेच बांधावर खुंट्या ठोकल्या."

"अन् मंग?" जाऊबाईंनी विचारलं.

"मंग काय. शेती गेली, मिठागरा गेली. आता माझा पोर खोल्या भाड्यानी देतो. पैशाची ददात नाय. पन खाडीचा पानी बघशील तं रडशील. जाल्यान मासली कमी नी पिशव्या जास्त येतान. आनलेली मासली पन मी दोनदा धुतंय, तरी घासलेटचा वास येतंय."

जेवणानंतर त्यांनी आम्हाला खाडीच्या बाजूला नेलं. तिवरांच्या पलीकडे चिखलात हजारो गुलाबी पक्षी उभे होते, लांब पायांचे, माना खाली घालून. फोटो काढायला शहरातली माणसं मोठाली यंत्रं घेऊन आलेली. ते दृश्य सुंदर होतं, हे मी खोटं कशाला लिहू. जाऊबाईंनी विचारलं, "हे चिखलात काय खातेत?"

हिराकाकू म्हणाल्या, "पानी जितका घान, तितका याह्यांचा खाना जास्त, असा माझा पोर बोलतो. म्हनून येतान."

हे कितपत खरं ते मला ठाऊक नाही. तिथेच, त्या पक्ष्यांसमोर उभ्या असताना, भासऱ्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"विहीर बुजून रायले," ते म्हणाले.

"सुनावणीनंतर बुजवायची होती ना?" मी विचारलं.

"म्या बी तेच म्हनलं. तं म्हनते, मशीन आज रिकामी हाय, उद्या दुसरीकडं जानार हाय. निम्मी भरली बी. मुरूम टाकून रायले."

"बाटली?"

"जवळ जाऊ नाई देत. ढासळन म्हनते." मशीनचा घर्रर आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "तिले चिंबोरी आवडली का?"

जाऊबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "आवडली. तुमी जेवून घ्या. भाकरी शिंकाळ्यात हायेत." एवढं बोलून त्या तिवरांच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. हिराकाकू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागेच थांबले, मला पुढे जायचा धीर झाला नाही. ज्या विहिरीवर त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या हाताने पहिली बादली ओढली होती, तिचं पाणी आता सानपाड्याच्या देव्हाऱ्याशेजारच्या तीन बाटल्यांत तेवढं होतं, आणि ते काही सिद्ध करू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी त्या बाटल्या मंजूच्या गॅलरीत नेल्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीत हळूहळू ओतल्या. मी अडवलं नाही. "गाळेल हाय," त्या मंजूला म्हणाल्या, "झाडाले काई होनार नाई."

बेलापूर

कंपनीचं ऑफिस बेलापूरला एका इमारतीच्या अशा मजल्यावर आहे, जिथे थंडीने कान दुखतात. चप्पल काढायची का, असं जाऊबाईंनी दारातच मला हळूच विचारलं, कारण फरशीत आमचं तोंड दिसत होतं. भिंतीवर एका शेताचं मोठं चित्र, हिरवंगार, मधोमध एक हसरं कुटुंब. त्या चित्रात विहीर नव्हती.

साहेब मराठीच होते, चांगल्या बोलण्याचे. त्यांनी उठून नमस्कार केला. आमच्यासमोर छोट्या छोट्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, बिस्किटं ठेवली. मी भांडायची तयारी करून गेले होते. पण असं वागणाऱ्या माणसाशी भांडण सुरू कुठून करायचं हे आपल्याला कळत नाही, आणि ते त्याला बरोबर माहीत असतं.

त्यांनी विचारलं, "पाण्याचा अहवाल आणलाय?"

मी सगळं सांगितलं. गाळणं, तुरटी, वरचं पाणी, बुजवलेली विहीर. त्यांनी मान हलवत ऐकलं. मशीन लवकर लागल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. कंत्राटदाराकडून झालं, म्हणाले. आणि शेजारी बसलेल्या मुलीला लिहायला सांगितलं, की अर्जदाराने नमुना सादर केला नाही.

"सादर केला नाही असं नाही," मी म्हटलं. "करण्यासारखा राहिला नाही."

"मॅडम, अर्थ तोच होतो."

मग त्यांनी जाऊबाईंकडे वळून फार मायेने विचारलं, "मावशी, आमची मुलं तिकडे ड्रिलिंगला होती, पूर्ण उन्हाळा. ती पाणी तुमच्याच विहिरीचं प्यायची ना?"

"हो. दुसरं कुठं पेतीन? उन्हातानात काम करत होते बापा. म्याच द्याची. तांब्या भरून ठेवाची."

"कुणाला त्रास झाला?"

"नाई नाई. कोनालेच नाई." त्या जरा ताठ बसल्या. "म्या होऊच नाई देला."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी लिहीत होती. मी जाऊबाईंचा हात दाबला, पण त्यांना काही कळलं नाही. विचारलं आहे, आणि जे खरं आहे ते त्या सांगत होत्या.

"गाळून द्यायची ती!" माझा आवाज चढला. "तुमच्या माणसांना तिने गाळून, निवळून पाजलं. म्हणून कुणाला काही झालं नाही. तिच्या घरात काय झालं ते विचारा."

"विचारतो ना. मावशी, तुम्ही कोणतं पाणी प्यायचात?"

जाऊबाईंनी अगदी सहज सांगितलं, आपल्याकडे कोण कुठे बसतं ते सांगावं तसं. "वरचं त्याइले. तळचं आमाले. तळचं टाकून थोडीच देतेत? तेच आमी पेवाचो, तेच म्हशीले. म्हैस नाई पेली तं आमीच पेवाचो."

मुलीचं लिहिणं थांबलं. जाऊबाईंचे हात टेबलावर होते. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी होऊन सोललेली, हे मी गेले काही महिने पाहत होते, आणि उन्हातल्या कामाने झालं असेल असं समजत होते. मला तिथे रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

साहेबही वाईट माणूस नसावा. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मॅडम, मला माणूस म्हणून समजतं सगळं. पण वरचं पाणी, तळचं पाणी असा रकानाच नाही आमच्याकडे. विहीर एक, पाणी एक. आमच्या लोकांनी ते प्यायलं, चांगलं होतं, हे मावशी स्वतः म्हणाल्या."

शेवटी टँकरचं निघालं. वर्षभर, आठवड्यातून दोनदा, सहानुभूती म्हणून. त्यासाठी विहीर संमतीने बंद केली असं लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, सही करायची नाही, आपण वकील करू. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, चैत लागन आता. म्हैस गाभन हाय. वकील पानी आनन का?" आणि त्यांनी आपलं नाव लिहिलं. सही करायला त्यांना मीच शिकवलं होतं, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, त्याच विहिरीच्या काठावर बसून.

निघताना त्यांनी साहेबांना सांगितलं, "कधी तिकडं आले तं घरी या."

गावी

परत आल्यावर लोक विचारतात, नवी मुंबई कशी आहे? मी सांगते, रस्ते रुंद आहेत, झाडं पुष्कळ आहेत, नळाला दिवसरात्र पाणी असतं. यातलं काहीच खोटं नाही. पुढे मात्र मला बोलवत नाही. तिथल्या स्वयंपाकघरातला निळा जाळ आणि आमच्याकडचा तो कुंपणातला पाइप यांच्यामध्ये इतकी भली माणसं उभी आहेत, की कुणावर ओरडायचं तेच कळत नाही. नसरीन भली होती. साहेबसुद्धा दारापर्यंत सोडायला आले. माझी मंजू तर माझीच.

गेल्या आठवड्यात मी जाऊबाईंकडे गेले होते. विहीर होती तिथे आता मुरमाचा सपाट तुकडा आहे, त्यावरून गाड्या जातात. मी ओट्यावर बसले होते तेव्हाच टँकर आला. पोरसवदा नव्हे, चांगला पोक्त ड्रायव्हर होता, घामाने निथळत होता. त्याने टाकीत पाइप सोडला आणि सावलीला येऊन टेकला. टँकरचं पाणी कुठून येतं ते त्याला माहीत नाही, कंपनी सांगते तिथून भरतो, असं म्हणाला. त्या पाण्यालाही रात्रीतून तळाशी पांढरं बसतं. मी ते स्वतः बोट फिरवून पाहिलं होतं.

"मावशी, घोटभर पाणी द्या बरं," ड्रायव्हर म्हणाला.

जाऊबाई आत गेल्या. आदल्या टँकरचं पाणी गुंडीत निवळत ठेवलेलं होतं. मी त्यांच्या मागोमाग गेले आणि दबक्या आवाजात म्हटलं, "बाई, त्याला तळचं द्या. एकदा तरी तळचं द्या. कंपनीचा माणूस आहे, त्याला कळू दे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. "उन्हातून आला तो," त्या म्हणाल्या. मग तांब्याला फडकं लावलं, गुंडी जराही हलू न देता वरचं पाणी अलगद ओतून घेतलं आणि बाहेर नेऊन दिलं.

त्याने वर धरून घटाघटा प्यायलं, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "गोड आहे हो मावशी तुमच्याकडचं पाणी. ऑफिसात सांगतो." जाऊबाईंना बरं वाटलं. त्या आत आल्या, गुंडीच्या तळाशी राहिलेलं गढूळ पाणी त्यांनी आपल्या पेल्यात ओतलं आणि माझ्यासमोर उभ्या उभ्याच पिऊन टाकलं.